जॉर्ज कार्व्हर : गुरू आणि शिष्य

शेतीसुधारणेच्या कामात बियाणे, खते, अवजारे व पैसा यांचा हिशेब काटेकोरपणे ठेवला जातो. किती एकरांवर सुधारित बियाणे पेरले गेले, कंपोस्टचे किती खड्डे भरले, किती शेतांना बांध घातले गेले, हे सारे आकड्यांनी सांगता येते. परंतु जिच्यावाचून ही सर्व सामग्री गोदामातच पडून राहते, अशी एक गोष्ट कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. ती म्हणजे अनुभवी माणसाने नवख्या माणसाला हाताशी धरून काम शिकविणे.

गावात नव्याने आलेला तरुण कार्यकर्ता पहिल्या पावसाळ्यात गोंधळलेला असतो. पुस्तकातील विद्या त्याच्यापाशी असते. परंतु शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून काय बोलावे, कोणाच्या शेतात प्रात्यक्षिक घ्यावे, पीक फसले तर तोंड कसे दाखवावे, हे त्याला ठाऊक नसते. अशा वेळी त्याच्या वरचा माणूस त्याच्याशी कसा वागतो, यावर पुढील तीस वर्षांचे काम अवलंबून असते. वरच्या माणसाने केवळ कागद मागितले तर तो कागद भरावयास शिकतो. वरचा माणूस त्याला सोबत घेऊन शेतात उतरला, तर तो शेत पाहावयास शिकतो. आणि पुढे आपल्या हाताखालच्यांनाही तेच शिकवितो.

ही गोष्ट किती दूरवर पोहोचते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील शेतकी-शिक्षक जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे आहे. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून महाराष्ट्रातील घराघरांत हे नाव पोहोचले आहे. भुईमुगापासून शेकडो पदार्थ तयार करणारा शास्त्रज्ञ अशी त्यांची ओळख बहुतेकांना असते. त्या पदार्थांपैकी फारच थोडे बाजारात टिकले, आणि त्यांच्या नावावर स्वामित्वहक्काचे केवळ तीन दाखले नोंदले गेले. मात्र त्यांना ज्यांनी शिकविले आणि त्यांनी ज्यांना शिकविले, त्या माणसांची मालिका पाहू लागले म्हणजे त्यांच्या कार्याचा खरा विस्तार ध्यानी येतो. भारतातील गव्हाच्या शेतापर्यंतही तिचा एक धागा येऊन पोहोचला आहे.

गुरूंनी दिलेली शिदोरी

कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेच्या मिसुरी राज्यात एका गुलाम स्त्रीच्या पोटी झाला. ते तान्हे असतानाच दरोडेखोरांनी त्यांच्या आईला पळवून नेले. ती पुन्हा परत आली नाही. प्रकृतीने अशक्त असलेले हे मूल रानात हिंडून झाडेझुडपे गोळा करी. शाळेसाठी घर सोडून निओशो या गावी गेल्यावर मराया वॉटकिन्स नावाच्या सुइणीने त्यांना आश्रय दिला. ती लोकांचे कपडे धुऊन संसार चालवी, आणि वनस्पतींचे औषधी गुण तिला ठाऊक होते. मिळेल तेवढी विद्या मिळवावी आणि ती आपल्या लोकांना परत द्यावी, हा तिचा उपदेश कार्व्हर जन्मभर विसरले नाहीत.

पुढील वाट सोपी नव्हती. कॅन्सस राज्यातील एका महाविद्यालयाने अर्ज वाचून त्यांना प्रवेश दिला; परंतु ते दारात येऊन उभे राहताच, केवळ कातडीचा रंग पाहून, तो नाकारला. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांनी स्वयंपाक, कपडे धुणे व शेतमजुरी करून पोट भरले. १८९० मध्ये आयोवा राज्यातील सिम्पसन महाविद्यालयात ते चित्रकला शिकू लागले. तेथील चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी एक गोष्ट हेरली. या विद्यार्थ्याच्या चित्रांत झाडांची पाने, फुले व देठ विलक्षण बारकाईने उतरत. चित्रे विकून त्याचे पोट भरणार नाही, त्याचा खरा ओढा वनस्पतींकडे आहे, हे ओळखून त्यांनी त्याला एम्स येथील शेतकी महाविद्यालयात जाण्याचा सल्ला दिला. त्यांचे वडील तेथे फळबाग शास्त्राचे प्राध्यापक होते. आपल्या वर्गातील गुणी विद्यार्थी आपल्याकडेच राहावा, असा मोह शिक्षकाला होतो. तो बाजूस सारून बड यांनी त्याला योग्य वाटेस लावले.

१८९१ मध्ये कार्व्हर एम्सला गेले. त्या महाविद्यालयातील ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होत. आरंभी त्यांना इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीस बसून जेवताही येत नसे. अशा ठिकाणी वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक लुई पॅमेल यांनी त्यांना जवळ केले. पॅमेल वयाने त्यांच्यापेक्षा दोनच वर्षांनी वडील होते. १८९४ मध्ये कार्व्हर पदवीधर होताच पॅमेल यांनी त्यांना आपला सहायक नेमले, वनस्पतिगृह त्यांच्या हवाली केले, आणि पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास त्यांच्याकडे सोपविला. १८९५ मध्ये चेरी व करंट या फळझाडांवरील ठिपक्यांच्या रोगाविषयी एम्सच्या प्रयोगकेंद्राने एक पत्रिका प्रसिद्ध केली. तिच्यावर पॅमेल आणि कार्व्हर अशी दोन नावे छापली होती. ज्याला भोजनगृहात जागा नव्हती, त्याचे नाव प्राध्यापकाच्या नावाशेजारी आले. सहायकाने केलेले काम वरच्या माणसाच्या नावाने जाणे ही अनेक कचेऱ्यांतील रीत आहे. पॅमेल यांनी ती पाळली नाही.

शेतीचे प्राध्यापक जेम्स विल्सन यांचेही साहाय्य असेच मोलाचे होते. पुढे १८९७ पासून १९१३ पर्यंत ते अमेरिकेचे कृषिमंत्री होते. १८९६ मध्ये अलाबामा राज्यातील टस्कीगी संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कार्व्हर यांना बोलावणे पाठविले, तेव्हा एम्सच्या मंडळींना त्यांना सोडणे जड गेले. तथापि कोणी आडकाठी केली नाही. पुढच्याच वर्षी टस्कीगी येथील शेतकी इमारतीच्या उद्‌घाटनास कृषिमंत्री विल्सन स्वतः हजर राहिले. शिष्य दूर गेला म्हणून संबंध तुटला नाही. पॅमेल यांच्याशी तर कार्व्हर यांचा पत्रव्यवहार १९३१ मध्ये पॅमेल निवर्तेपर्यंत चालू होता.

टस्कीगी येथील काम

टस्कीगीच्या परिसरातील स्थिती आपल्याकडील कोरडवाहू कापूसपट्ट्यातील जाणत्या शेतकऱ्याला सहज समजेल. वर्षानुवर्षे कापसामागून कापूस घेतल्याने जमिनीचा कस गेला होता. मुसळधार पावसाने वरची माती वाहून जाऊन ठिकठिकाणी घळी पडल्या होत्या. कसणारे बहुतेक कृष्णवर्णीय बटाईदार होते. बियाणे, धान्य व कपडालत्ता दुकानदाराकडून उधारीवर घ्यावयाचा आणि कापूस त्याच्या हवाली करावयाचा, असा क्रम होता. कापसावरच कर्ज मिळत असल्याने दुसरे पीक घेण्याची सोयच नव्हती. कित्येकांच्या झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत कापूस लावलेला असे, आणि भाजीचे एक आळेही नसे.

संस्थेकडे प्रयोगशाळा नव्हती. कार्व्हर यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन उकिरड्यांवरून बाटल्या, डबे व फुटकी भांडी जमविली आणि त्यांतून उपकरणे तयार केली. नसलेल्या साधनांची वाट पाहत कोणी बसू नये, हा पहिला धडा विद्यार्थ्यांना न बोलता मिळाला. निकस जमिनीत चवळी व भुईमूग यांसारखी द्विदल पिके आणि रताळी यांची कापसाशी फेरपालट करावी, असे त्यांनी सांगितले. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठते आणि त्यांच्या बेवडावर पुढचे पीक चांगले येते, हे त्यांनी संस्थेच्या शेतात करून दाखविले. विकतचे खत परवडत नसेल त्याने रानातील पालापाचोळा व दलदलीतील कुजलेला गाळ वापरावा, हा त्यांचा सल्ला होता. शेतकऱ्यांसाठी त्यांनी चाळीसहून अधिक पत्रिका लिहिल्या. निकस जमीन कशी सुधारावी यावरील पत्रिका १९०५ ची आहे. भुईमुगाची लागवड व त्याचे १०५ खाद्यप्रकार सांगणारी प्रसिद्ध पत्रिका १९१६ ची. त्यांची भाषा साधी होती, आणि गृहिणीला उपयोगी पडेल असा मजकूरही त्यांत असे.

पुढे कापसाच्या बोंडावरील सोंड्या किडीने टेक्सासपासून अलाबामापर्यंत एकेक जिल्हा ग्रासला, तेव्हा दुसरे पीक घेण्याचा सल्ला किती दूरदृष्टीचा होता हे लोकांना कळले. अलाबामातील एंटरप्राइज या गावच्या लोकांनी कापूस सोडून भुईमूग धरला आणि त्यांना इतका लाभ झाला, की १९१९ मध्ये त्यांनी चक्क त्या किडीचेच स्मारक उभारले.

कार्व्हर हे सर्वगुणसंपन्न होते असे मात्र नव्हे. कारभार पाहणे त्यांना जमत नसे. त्यांच्याकडे सोपविलेल्या कोंबडीपालन विभागात सतत तक्रारी निघत, आणि त्यावरून वॉशिंग्टन यांनी त्यांना अनेकदा खडसावले. परंतु शिकविण्यात आणि शेतकऱ्यांशी बोलण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नाही, हेही वॉशिंग्टन यांनी तितक्याच स्पष्टपणे मान्य केले. हाताखालच्या माणसाचे उणे आणि त्याचे बळ ही दोन्ही ज्याला एकाच वेळी दिसतात, तोच त्याच्याकडून खरे काम करवून घेऊ शकतो. कार्व्हर टस्कीगीस ४७ वर्षे राहिले. ५ जानेवारी १९४३ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले.

फिरती शाळा आणि कॅम्पबेल

संस्थेत येऊ शकत नाही त्या शेतकऱ्याकडे संस्थेनेच जावे, ही टस्कीगीची धारणा होती. कार्व्हर स्वतः गाडीत अवजारे घालून सुटीच्या दिवशी खेड्यांतून हिंडत. १९०६ मध्ये न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या देणगीतून एक खास गाडा तयार करण्यात आला. खेचरांनी ओढावयाच्या या गाड्यात नांगर, कोळपणीची अवजारे, बियाणे, खते, लोणी काढण्याचे यंत्र व दूध तपासण्याची साधने असत. त्यातील सामानाची आखणी कार्व्हर यांची होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात हा गाडा थॉमस कॅम्पबेल यांच्या ताब्यात आला. कॅम्पबेल हे जॉर्जिया राज्यातील एका गरीब शेतकऱ्याचे पुत्र. १८९९ मध्ये सोळाव्या वर्षी, खिशात जवळजवळ काही नसताना, ते पायी चालत टस्कीगीस आले. शालेय शिक्षण इतके तोकडे होते, की शिक्षण पुरे करण्यास त्यांना सात वर्षे लागली. ज्याला आणखी कोणी मंदबुद्धी म्हणून परत पाठविले असते, त्याला तेथे थांबू दिले गेले. कार्व्हर यांच्या हाताखाली तो शेती शिकला, आणि पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याने नेमलेला पहिला कृष्णवर्णीय प्रात्यक्षिक-कार्यकर्ता झाला.

या नेमणुकीमागे सीमन नॅप यांचा हात होता. एम्सच्या महाविद्यालयात विल्सन यांच्या आधी नॅप यांनीच शेतीचे अध्यापन केले होते. १९०३ मध्ये टेक्सासमधील टेरेल गावी त्यांनी एक नवी पद्धत अनुसरली. सरकारी शेतावर प्रयोग दाखविण्याऐवजी वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्याच शेतात, त्याच्याच हातून, सुधारित पद्धतीने पीक घ्यावयाचे ठरले. तोटा झाल्यास भरपाई करता यावी म्हणून गावकऱ्यांनी निधी जमविला होता. त्यातील एक छदामही खर्च करण्याची वेळ आली नाही. शेतकऱ्याने स्वतः केलेल्या गोष्टीविषयी त्याच्या मनात संशय उरत नाही, या अनुभवावर पुढे अमेरिकेतील विस्तारकार्याची उभारणी झाली आणि १९१४ च्या कायद्याने तिला देशव्यापी रूप आले.

कॅम्पबेल यांची रीत अशी असे. खेड्यातील एखाद्या मध्यवर्ती शेतकऱ्याकडे गाडा न्यावयाचा, शेजाऱ्यांना बोलवावयाचे, आणि व्याख्यान न देता कामास हात घालावयाचा. नांगरट, पेरणी, कुंपण, कोंबड्यांचे खुराडे, घराला चुना लावणे, अशी कामे सर्वांनी मिळून पुरी करावयाची. १९१८ मध्ये गाड्याच्या जागी मोटार आली. १९२३ मध्ये तिचीही जागा नव्या मोटारीने घेतली, आणि ती शेतकऱ्यांनी स्वतः वर्गणी जमवून घेतली होती. शेतीतज्ज्ञाबरोबर गृहकार्य शिकविणारी स्त्री व परिचारिकाही तिच्यातून फिरू लागली. ज्या शेतकऱ्यांच्या पदरी कर्जाशिवाय काही नव्हते, त्यांनी आपल्या शाळेसाठी पैसा काढावा, यापेक्षा मोठा दाखला कोणता असणार? त्या काळी कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांना पैसा व साधने नेहमीच कमी मिळत. तरीही कॅम्पबेल या कामात १९५३ पर्यंत टिकून राहिले. गुरूची टस्कीगीतील सेवा ४७ वर्षांची; शिष्याचीही तेवढीच भरली.

लहानग्या वॉलेसचा सोबती

आता पुन्हा एम्सकडे वळावयास हवे. कार्व्हर तेथे शिकत असताना हेन्री वॉलेस नावाचे दुग्धशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा मुलगा, त्याचेही नाव हेन्रीच, तेव्हा सहा-सात वर्षांचा होता. कार्व्हर वनस्पती गोळा करावयास रानात निघत, तेव्हा ते या मुलाला सोबत नेत. गवताच्या बारीकशा फुलातील पुंकेसर कोणते व स्त्रीकेसर कोणते, हे ते त्याला दाखवीत, आणि मूल विचारील त्या प्रश्नाचे उत्तर न कंटाळता देत. लहान पोर म्हणून त्यांनी त्याला कधी टाळले नाही. या सोबतीनेच आपल्याला वनस्पतींची गोडी लागली, असे वॉलेस यांनी पुढे वारंवार सांगितले.

या मुलाने १९०४ च्या सुमारास, सोळा वर्षांचा असताना, एक लहानसा पण महत्त्वाचा प्रयोग केला. त्या काळी मक्याच्या कणसांची प्रदर्शने भरत. सुबक, सरळ ओळींचे कणीस बक्षीसपात्र ठरे आणि तेच बियाण्याला उत्तम समजले जाई. प्राध्यापक होल्डन हे अशा परीक्षणातील मोठे अधिकारी पुरुष. दिसण्यावरून उत्पन्न कसे कळते, असा प्रश्न तरुण वॉलेसने त्यांना केला. होल्डन रागावले नाहीत. त्यांनी निवडक कणसे त्याच्या हाती दिली आणि पेरून पाहावयास सांगितले. प्रत्येक कणसाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरून वॉलेसने उत्पन्न मोजले, तेव्हा वरच्या क्रमांकाची काही कणसे उत्पन्नात मागे पडल्याचे दिसून आले. एका मुलाने प्राध्यापकाचे मत खोटे ठरविले, आणि त्यासाठी लागणारे बियाणे त्या प्राध्यापकानेच दिले होते.

वॉलेस यांनी १९२६ मध्ये संकरित मक्याचे बियाणे तयार करणारी कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये आयोवात संकरित मका नाममात्रच होता. दहा वर्षांत त्या राज्यातील जवळजवळ सर्व मका संकरित झाला. १९३३ ते १९४० या काळात ते कृषिमंत्री आणि १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते.

मेक्सिकोतून भारतात

१९४० च्या अखेरीस वॉलेस मेक्सिकोच्या दौऱ्यावर गेले. तेथील शेतकरी अपार कष्ट करूनही मक्याचे अत्यल्प उत्पन्न घेतात, हे त्यांनी शेतात उभे राहून पाहिले. परतल्यावर त्यांनी रॉकफेलर प्रतिष्ठानाशी बोलणी केली. तज्ज्ञांनी पाहणी केली आणि १९४३ मध्ये मेक्सिकोत शेतीसंशोधनाचे काम सुरू झाले. १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग हे तरुण शास्त्रज्ञ तेथे रुजू झाले.

बोरलॉग यांचे गुरू वेगळे होते. मिनेसोटा विद्यापीठात ते वनशास्त्राचे विद्यार्थी असताना प्राध्यापक स्टॅकमन यांचे गव्हावरील तांबेऱ्याविषयीचे व्याख्यान त्यांनी ऐकले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. मेक्सिकोत बोरलॉग यांनी जमिनीवर गुडघे टेकून, चिमट्याने गव्हाच्या फुलातील केसर काढून, हजारो संकर केले. तांबेऱ्यास दाद न देणाऱ्या आणि पुढे आखूड ताटांच्या, न लोळणाऱ्या जाती त्यांनी निर्माण केल्या. अनेक देशांतील तरुणांना त्यांनी हेच काम शेतात राबवून शिकविले. कपड्यांना माती लागू न देणारा शास्त्रज्ञ त्यांना मान्य नव्हता.

डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये बोरलॉग भारतात आले. त्यानंतर राष्ट्रीय प्रात्यक्षिकांच्या योजनेत लहान शेतकऱ्यांच्या शेतांत नव्या गव्हाची प्रात्यक्षिके घेण्यात आली. शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतातील पीक पाहून बियाण्याची मागणी केली, आणि १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणण्यात आले. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे १ कोटी २३ लाख टन गहू पिकला होता. १९७०-७१ मध्ये तो सुमारे २ कोटी ३८ लाख टनांवर गेला. याचे श्रेय कोणा एकाचे नव्हे. त्यात असंख्य शास्त्रज्ञ, कार्यकर्ते व शेतकरी यांचे श्रम आहेत. परंतु एम्सच्या रानात एका विद्यार्थ्याने एका लहान मुलाला गवताचे फूल उलगडून दाखविले, ही त्या लांब साखळीतील एक खरी कडी आहे, हेही विसरता येत नाही.

येथे एक इशाराही ध्यानात ठेवावयास हवा. विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तिच्यातील एखादा धडा वाटेत गळून पडतो. कार्व्हर यांचा पहिला धडा जमिनीचा कस राखण्याचा आणि पिकांच्या फेरपालटीचा होता. पंजाबात व हरियाणात गव्हामागून भात आणि भातामागून गहू हाच क्रम चालू राहिला, तेव्हा भूजल खोल गेले आणि जमिनीच्या आरोग्याचे प्रश्न उभे राहिले. नवे बियाणे पोहोचले. जुना धडा त्याच्याबरोबर तितकासा पोहोचला नाही. म्हणून शिष्याने गुरूचे एखादेच तंत्र न उचलता त्याची दृष्टी उचलावी लागते, आणि गुरूनेही तंत्राबरोबर त्यामागील कारण समजावून द्यावे लागते.

कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध

भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि पुढील वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली. तेव्हापासून गावपातळीवरील कार्यकर्ता हाच या कामाचा कणा ठरला आहे. पदांची नावे व योजनांची नावे बदलत गेली. परंतु नव्या माणसाला जुन्या माणसाने घडविण्याचे काम बदललेले नाही. वरील हकीकतीतून त्यासाठी काही गोष्टी स्पष्ट होतात.

नव्या माणसाचा ओढा ओळखणे ही पहिली गोष्ट. एटा बड यांना चित्रांत वनस्पतिशास्त्रज्ञ दिसला. आपल्या हाताखालचा कार्यकर्ता सभेत बोलताना अडखळत असेल, पण फळझाडाची छाटणी किंवा कलम उत्तम करीत असेल. त्याला सभा घेण्यास धाडून नाउमेद करण्याऐवजी बागेतील प्रात्यक्षिक त्याच्याकडे द्यावे.

दुसरी गोष्ट, काम पुरतेपणी सोपविणे आणि त्याचे श्रेयही देणे. पॅमेल यांनी वनस्पतिगृहाची जबाबदारी दिली आणि पत्रिकेवर नावही छापले. प्रात्यक्षिक यशस्वी झाल्यावर पाहुण्यांसमोर त्या शेतकऱ्याला व त्या तरुण कार्यकर्त्याला बोलू द्यावे. वरिष्ठाने मागे उभे राहावे.

तिसरी गोष्ट, आपले मत तपासू देणे. होल्डन यांनी शंका घेणाऱ्या मुलाच्या हाती कणसे दिली. शेतकऱ्याने किंवा शिकाऊ कार्यकर्त्याने एखाद्या शिफारशीविषयी शंका काढली, तर तिच्यावर वाद घालण्यापेक्षा दोन ओळी त्याच्या पद्धतीने आणि दोन ओळी शिफारशीप्रमाणे पेरून, कापणीच्या वेळी दोन्हींचे वजन त्याच्याच हातून करवावे. शिफारस खरी असेल तर ती पक्की होईल, आणि खोटी असेल तर ते वेळीच कळेल.

चौथी गोष्ट, माणसाला वेळ देणे. कॅम्पबेल यांना सात वर्षे लागली. एका हंगामात न शिकलेला माणूस निकामी असतोच असे नाही. शेवटची गोष्ट, त्याला जाऊ देणे. चांगला माणूस बदलून दुसऱ्या तालुक्यात गेला म्हणजे आपले काम अडते, ही अडचण खरी आहे. पण तो जेथे जाईल तेथे आपलेच काम करीत असतो. त्याला अधूनमधून पत्र लिहावे, फोन करावा, त्याचे पीक पाहावयास जावे.

या गोष्टींचा आरंभ अगदी साध्या कामापासून करता येतो. खरिपापूर्वी घरच्या सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासावी लागते. त्यासाठी सरसकट शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळींत मांडावयाचे, गुंडाळी करून सावलीत ठेवावयाची, पाणी शिंपडून ती ओलसर राखावयाची आणि सहा-सात दिवसांनी चांगले मोड आलेले दाणे मोजावयाचे. सत्तर किंवा त्याहून अधिक निघाले तर शिफारशीप्रमाणे पेरणी करता येते. थोडे कमी निघाले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते, आणि फारच कमी निघाले तर बियाणे बदलावे लागते. ही तपासणी कार्यकर्त्याने स्वतः वीस घरी करण्याऐवजी गावातील दोन तरुणांना एकदा करून दाखवावी, दुसऱ्या वेळी त्यांच्याकडून करवून घ्यावी, आणि तिसऱ्या वेळी त्यांना शेजाऱ्याकडे एकटे पाठवावे. दाणे मोजताना त्यांची चूक झाली, तर ती चारचौघांत न दाखविता पुन्हा मोजावयास सांगावे. पुढील वर्षी कार्यकर्त्याची बदली झाली असली, तरी त्या गावात पेरणीपूर्वी गोणपाटे भिजतील.